येसूमावशीची खिडकी आणि बाजारचे पोपट

आटपाट नगरातले राजे-राण्या राहू द्या बाजूला, ही गोष्ट आहे नदीकाठच्या एका सुईणीची. येसूमावशी तिचं नाव. त्या मुलखात निरोप पोपटांकरवी जायचे. बाजारच्या गावी एक पोपटशाळा होती. तिथं जाऊन निरोप पढवायचा, की पोपट उडत जाऊन नेमक्या खिडकीत बसायचा आणि तो म्हणून दाखवायचा. मावशीला बाळंतपणाची बोलावणी अशीच यायची. तिच्या हातून निम्मं गाव जन्मलं होतं आणि एकाही घरी ती उशिरा पोचली नव्हती.

त्या साली मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची एकुलती एक लेक नदीपलीकडे दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला माहेरी बाळंत झाली तेव्हा मायलेकरू दोघंही जेमतेम वाचली होती. या खेपेला लेकीनं बजावलं होतं, "आई, कळा सुटल्या की पोपट धाडीन. तू उशाशी असलीस की मला भीती नाही." गावातल्या आणखी दोघी अवघडलेल्या, त्यांना सोडून आधीच जाऊन बसणंही मावशीला जमेना. म्हणून ती खिडकीपाशी वाट बघत बसे.

आणि पोपट येत. एक नाही, दोन नाही, थवेच्या थवे!

"लेकीसाठी..." एक पोपट सुरू करी. मावशी ताडकन उठे, तव्यावरची भाकरी करपे. पोपट पुढं म्हणे, "...लेकीसाठी शिसवी पाळणा! आजच्या दिवस स्वस्त!"

"बाळाची..." दुसरा म्हणे. मावशीच्या काळजात धस्स होई. "...बाळाची गुटी घ्या, बाळगुटी!"

तिसरा तर गळा ताणूनच सांगे, "अभिनंदन, येसूबाई! तुमच्या नावाचा तांब्याचा हंडा निघालाय! कासाराच्या दुकानी या!" मावशी एकदा गेलीही होती. हंडा कसला, कासारानं तिच्या गळ्यात दोन पातेली मारली होती.

बरं, दारी आलेल्याला विन्मुख धाडायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. शिवाय काही दिलं की मेला लवकर तरी जाईल, असा तिचा हिशेब. म्हणून प्रत्येक पोपटाला ती मूठभर भिजवलेले हरभरे टाकायची. खाऊन तो जाई आणि दुसऱ्या दिवशी चार जण येत. मावशी बोटं मोडायची, कासाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि पुन्हा हरभरे भिजत घालायची.

एके सकाळी कहर झाला. न्याहारीच्या आत सतरा पोपट आले आणि सतरा वेळा मावशी लेकीच्या नावानं दचकून उठली. अठरावा आला तसं तिचं डोकं फिरलं. "जळलं मेलं तुमचं तोंड!" म्हणत तिनं खिडकी धाडकन लावली, आतून अडसर घातला, फटींत चिंध्या कोंबल्या आणि डोक्यावरून गोधडी ओढून पडली. बाहेर टकटक होत राहिली. "चोच मोडली तरी उघडायची नाही," ती गोधडीतून ओरडली. कितीतरी दिवसांनी तिचा डोळा लागला.

दुपार कलली तेव्हा शेजारची तेलीण दार बडवायला लागली. "अगं येसू, आहेस ना घरात? तुझ्या कौलांवर एक पोपट सकाळपासून घसा फोडतोय. लेकीला कळा सुटल्यात म्हणतोय!"

मावशी बोचकं उचलून अनवाणीच धावली. नाव पैलतीराला होती. ती येईपर्यंत मावशी काठावर येरझाऱ्या घालत राहिली, नावाड्याला हाका मारून तिचा आवाज बसला.

ती पोचली तेव्हा आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. विहीणबाईंनी निभावून नेलं होतं. नात धडधाकट होती, लेकही वाचली होती. मावशीनं हात जोडून देवाचे आभार मानले आणि लेकीजवळ बसली. लेकीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"सकाळपासून दाराकडं बघत होते मी," ती म्हणाली. "साऱ्या गावाच्या वेळेला तू हजर असतेस. माझ्या वेळेला कुठं होतीस गं?"

मावशीनं नातीचं दुपटं नीट केलं. पोपटांना कंटाळून झोपले होते, असं कुठल्या तोंडानं सांगणार? तिला स्वतःची फार लाज वाटली.

लेक बोलेनाच, तेव्हा दोन दिवसांनी विहीणबाईंच्या हाती सगळं सोपवून मावशी निघाली. ती घरी गेली नाही, तडक पोपटशाळेत गेली. दारातच चष्मेवाला कारकून भलीमोठी वही घेऊन बसला होता.

"माझ्याच खिडकीवर का रे उठलाय तुम्ही?" मावशी कडाडली.

कारकुनानं शांतपणे पान उघडलं. "बाई, आमचा नियम साधा. परतलेल्या पोपटाची चोच बघायची. चोचीला हरभऱ्याचं साल असलं, की त्या घरापुढं टिंब. टिंब म्हणजे गिऱ्हाईक खूश. तुमच्या नावापुढं टिंबांना जागा उरली नाही बघा."

"अरे, ते जावेत म्हणून देत होते मी!"

"पोपटाला ते कसं कळावं?"

"आणि माझं नाव दिलं कुणी तुम्हाला?"

"तुम्हीच. जत्रेत आमच्या माणसाकडून फुकटची फणी घेतलीत ना? तेव्हा नाव, गाव, खिडकी कुठल्या अंगाला, सगळं सांगितलंत. लेक बाळंत व्हायची आहे, हेही वर सांगितलंत."

मावशीनं त्या टिंबांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "खोड माझं नाव. पाळणेवाल्याच्या, गुटीवाल्याच्या, कासाराच्या, सगळ्यांच्या यादीतून खोड. माझ्यासमोर खोड."

कारकुनानं लगेच खोडलं. "सांगायला येतंय कोण, बाई?" तो म्हणाला. "सगळे आपापल्या घरी बसून शिव्या देतात. तेवढ्या काही इथवर ऐकू येत नाहीत."

आधीच निघालेले काही पोपट पुढचे चार दिवस येत राहिले. मावशीनं खिडकी सताड उघडी ठेवली, "नको" म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली. ते मान तिरकी करून बघायचे, तिला भरून यायचं, पण ती जागची हलली नाही. पाचव्या दिवसापासून कोणी आलं नाही.

मग त्या शांततेनं तिला घेरलं. उठ, बस, खिडकीत जा, परत ये. लेक आता निरोप धाडेल का, एवढा एकच घोर तिला लागला होता.

बाळाच्या अकराव्या दिवशी एक पोपट आला. मावशी श्वास रोखून उभी राहिली.

"आई," पोपट म्हणाला, "उद्या बारसं आहे. माझा राग गेलेला नाही. तरी तू ये."

मावशीनं निरोप पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला, पदरानं डोळे पुसले आणि नावेकडं चालू लागली.

तात्पर्य एवढंच: नकोशा हाकेला घरात बसून शिव्या देऊ नयेत, ती निघते तिथं जाऊन तिला नाही म्हणावं, नाहीतर त्या गलक्यात आपल्या माणसाची हाक ऐकायची राहून जाते.