दोघांची कॉट

एकदा परतवाड्यातील एका वृद्ध सुताराच्या दुकानात एक तरुण जोडपे आपल्या दोन लेकरांसाठी कॉट ठरवायला आले. सुताराला सारे वामनकाका म्हणत. त्यांच्या हाताखाली सुमेधा नावाची तिशीची एक शिष्या काम शिकत होती. फर्निचर-डिझाइनची पदविका तिच्याजवळ होती, पण लाकूड कळत नाही म्हणून ती स्वतःहून त्यांच्याकडे आली होती.

जोडप्याची नावे हेमराज आणि पल्लवी. आठ महिन्यांचा ओजस पल्लवीच्या कडेवर होता आणि सहा वर्षांची रेवती बापाचे बोट धरून उभी होती. घरात मुलांसाठी खोली एकच, दहा बाय दहाची. हेमराजने मोबाइलवर चित्रे जमवली होती. एकावर एक असलेली कॉट, खालून ओढून काढायची कॉट, आधी पाळणा आणि पुढे पलंग होणारी कॉट.

वामनकाकांनी सगळी चित्रे शांतपणे पाहिली.

"दुमजली आत्ता नको," ते म्हणाले. "पोरगी झोपेत उतरेल, पाय चुकेल. ओढायचीही नको. बाळ रांगायला लागलं की बोटं सापडतील. मी दोन भाग करतो. एक कठड्याचा, बाळासाठी. दुसरा ठेंगणा, ताईसाठी. आज बोल्टांनी जोडलेले. बाळ मोठं झालं की कठडा काढायचा, दोघांचे दोन पलंग होतील. अजून मोठी झाली की एकावर एक चढवा."

"किती वर्षं चालेल?" पल्लवीने विचारले.

"दोघांचं कॉलेज होईपर्यंत."

रेवतीला वेगळेच काही विचारायचे होते. "आजोबा, झोपताना मला त्याचा हात धरता येईल?"

काकांनी फूटपट्टीने तिच्या पंजाची रुंदी मापली. बाळाचे डोके अडकू नये आणि ताईचा हात मात्र आत जावा, एवढेच अंतर त्यांनी गजांमध्ये ठेवले. बाळ कठडा चावणार, म्हणून रंग न देता नुसते जवसाचे तेल चोळले. पंधरा दिवसांनी कॉट घरी पोहोचली.

सहा महिने दोन्ही भावंडे तीत झोपली. मग एका सोमवारी ओजसला ताप भरला. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला आणि अमरावतीला न्यायला लावले. जाताना रेवतीला मामाकडे मोर्शीला पाठवले गेले. गुरुवारी पहाटे ओजस गेला. जे शक्य होते ते सर्व दवाखान्याने केले होते. ज्याला दोष द्यावा असे कुणीच नव्हते, आणि हेमराजला तेच सर्वांत असह्य वाटत होते.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी हेमराजचा काकांना फोन आला.

"काका, आज संध्याकाळी रेवती येतेय. त्याआधी बाळाचा भाग काढून न्या. तिचा पलंग खिडकीकडे सरकवा. तिला काही दिसायला नको."

"तिला सांगितलं?"

"बाळ दवाखान्यात आहे एवढंच ठाऊक आहे तिला. लहान आहे, विसरेल हळूहळू."

काका एवढेच म्हणाले, "येतो."

दुपारी काका आणि सुमेधा त्यांच्या घरी पोहोचले. पल्लवी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेरा दिवसांत ती कुणाशी दोन शब्दांहून अधिक बोलली नव्हती. कॉटवर बाळाची मोहरीची उशी तशीच होती. सुमेधाने पिशवीतून पाना काढला, तेव्हा काकांनी तो तिच्या हातातून घेतला, पुन्हा पिशवीत ठेवला आणि ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

अर्धा तास गेला. एक तास गेला. काका हलेनात.

"काका, वेळ कमी आहे," सुमेधा हळूच म्हणाली. "त्या माणसाकडे पाहवत नाही हो. एवढं तरी करून देऊ त्यांना."

शेवटी हेमराज आत आला. "हात जोडतो काका. तुमच्याने होत नसेल तर मीच तोडतो!" त्याने पिशवीतला हातोडा उचलला, कठड्यावर उगारला आणि तसाच उभा राहिला. मग हातोडा खाली ठेवून तो जमिनीवर बसला.

वामनकाका तेव्हा बोलले. "हेमराज, ही कॉट दोघांची म्हणून बनवली. एक मालक गेला. दुसरी अजून वाटेत आहे. तिला न विचारता मी कसा हात लावू? ती येईल. भाऊ नाही, त्याची जागा नाही, आणि घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. मग ती काय समजेल? या घरात माणूस नाहीसं झालं की त्याची खूणसुद्धा पुसून टाकतात, हे समजेल. उद्या आपणही असेच पुसले जाऊ, असं वाटेल तिला. हे ती कुणाला विचारणारही नाही. दुःख तर तिला होणारच. ते मला थांबवता येत नाही, तुम्हालाही नाही. निदान ते तिला एकटीला नको."

हेमराजने हातोडा पिशवीत ठेवला.

पाचच्या सुमारास मामाची गाडी आली. रेवती चपला न काढता धावत खोलीत शिरली, थबकली आणि तिने तिघांकडे पाहिले.

"ओजस कुठंय?"

दारात पल्लवी येऊन उभी राहिली होती. चौकट धरून ती म्हणाली, "आपला ओजस मेला, रेवू. मी त्याला परत आणू शकले नाही."

"केव्हा?"

"तू मामाकडे होतीस तेव्हा."

"मग मला का नाही बोलावलं?"

हेमराज भिंतीकडे वळला.

काकांनी कॉटवर हात ठेवला आणि विचारले, "बेटा, ही कॉट तुमची दोघांची. आता तू सांग, काय करू?"

रेवतीने कॉटकडे पाहिले. तिने ती ठेवून घ्यावी, असे आता हेमराजलाच वाटू लागले होते. ती म्हणाली, "दोन्ही भाग न्या."

"तुझासुद्धा?"

"मला एकटीला नको."

काकांनी पाना फिरवला. एकेक बोल्ट निघाला तसा रेवतीने तो हातात घेतला, आणि आठही बोल्ट निघाल्यावर ते पिशवीत टाकले. ती रडली नाही.

लाकूड बाहेर नेताना सुमेधा कडवट आवाजात म्हणाली, "काका, खोली शेवटी रिकामीच झाली. दुपारी केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"जा, राहिलेली फळी घेऊन ये," काका म्हणाले.

ती आत गेली. रिकाम्या खोलीच्या मधोमध पल्लवी बसली होती आणि तिच्या मांडीवर रेवती. "सोमवारी त्याचं अंग तापलं," पल्लवी सांगत होती. "मला वाटलं, दात येत असतील." पुढे तिला बोलवेना. रेवतीने थोडी वाट पाहिली आणि विचारले, "मग?" पल्लवीने मोठा श्वास घेतला आणि पुढचे सांगितले. हेमराज दाराशी आला आणि त्या दोघींजवळ बसला. "तो माझं नाव घेत होता का?" रेवतीने विचारले, आणि मग मात्र तिघेही रडू लागली.

सुमेधाने फळी होती तिथेच राहू दिली आणि बाहेर येताना दार हलकेच लोटून घेतले.