होडी कुणी कुरतडली?

एका जंगलातून वाहणाऱ्या नदीच्या मधोमध इवलेसे बेट होते आणि त्या बेटावर एक उंदरीण आपल्या पिल्लांसह राहत असे. शेजारी म्हणाल तर एक ससा आणि एक खार. एका वर्षी वरच्या डोंगरात धो धो पाऊस कोसळला आणि नदी बेटावर चढू लागली. सकाळी पाणी बिळाच्या तोंडाशी होते, दुपारी बीळच दिसेना. मग काय, सशाने बोरूच्या वाळक्या काड्या ओढून आणल्या, खारीने झाडावरची एक लांबलचक वेल उतरवली आणि उंदरिणीने त्या वेलीने काड्या घट्ट आवळल्या. झाली होडी तयार. होडी तिघांची, पण तोरा मात्र एकट्या उंदरिणीचा!

गवताचे घरटे करून तिने पिल्लांना मधोमध ठेवले. खारीला पुढच्या टोकाला बसवले, सशाच्या हाती काठी दिली आणि आपण मागे बसली. खाली वळणावर नदीचा काठ उंच होता. तिथे होडी लागली तर सगळे वाचणार होते. वळण चुकले, तर पुढे धबधबा. त्याचा घोंघाट आतापासूनच कानावर येत होता. उंदरिणीचा जीव नुसता टांगणीला लागला. काठी नीट धर म्हणून ती सशावर खेकसत होती, शेपटी आवर म्हणून खारीवर करवादत होती. कुणी काही सांगू लागले, की त्याला मध्येच गप्प करत होती. एवढ्यात एक मोठी लाट होडीवरून गेली आणि सगळे चिंब झाले.

लाट ओसरते न ओसरते, तोच उंदरिणीच्या पायाखालच्या काड्या सैल झाल्या. फटीतून पाणी वर आले. बघते तर काय, वेल कुरतडलेली! होडी हळूहळू सुटत चालली होती आणि वळण तर समोर आले होते. सशाचे दोन्ही हात काठीवर. मग उरली कोण? खार पाठ करून बसली होती आणि मगापासून तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. उंदरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी पोरं बुडवायला निघालीस होय गं? वेल कुरतडतेस? उतर होडीतून, आत्ताच्या आत्ता!"

खार वळली. तिच्या तोंडात उंदरिणीचे सगळ्यात धाकटे पिल्लू लोंबत होते. लाटेबरोबर ते वाहून चालले होते, ते तिने वरच्या वर धरले होते. तोंड उघडले असते, तर पिल्लू गेले असते.

ससा हळूच म्हणाला, "मावशी, वेलीचा धागा तुमच्याच दातात आहे."

उंदरिणीने जीभ फिरवली. खरेच होते. बाळांनो, उंदरांची जातच तशी. भीती वाटली, की दात स्वस्थ बसत नाहीत. इतरांना दटावता दटावता आपण काय करतो आहोत, हे त्या बिचारीला कळलेच नव्हते. आता मात्र तिने वेळ दवडला नाही. वेलीची दोन्ही टोके तिने दातात गच्च पकडली आणि अंग चोरून बसली. सशाने जिवाच्या आकांताने काठी रेटली. होडी गरकन फिरली, करकरली आणि काठावरच्या झाडाच्या मुळांत जाऊन अडकली. एकेक करून सगळे वर चढले.

उंदरिणीचे जबडे इतके आखडले होते, की तिला बोलताच येईना. कसेबसे म्हणाली, "मीच कुरतडली गं." आणि मान खाली घालून उभी राहिली. आता खार काय वाटेल ते बोलेल, असे तिला वाटले.

खारीने पिल्लू अलगद तिच्यापुढे ठेवले. "लाट आली तेव्हा फार घट्ट धरलं मी," ती म्हणाली. "माझा दात लागला नाही ना कुठे, जरा बघ."

तात्पर्य : नुकसान कुणी केले हे शोधायला निघालात, तर पहिली झडती स्वतःची घ्या.