एक कोटी साठ लाख आणि वर एक

"दिव्यातून काळा रंग काढून दाखव, नाहीतर परवा सकाळी मशालखाना रिकामा कर!"

हिवरगडचे उदाजीराजे भर दरबारात गरजले, आणि मशालजीची लेक सगुणा हसता हसता थांबली. नको तिथे हसू फुटणं ही तिची जुनी खोड.

त्याचं झालं होतं असं. नवरात्राच्या तोंडावर राजेसाहेबांनी वाड्यासाठी चाळीस स्मार्ट बल्ब मागवले. मोबाइलवरून लागणारे, मोबाइलवरून बंद होणारे, शिवाय मागाल तो रंग देणारे! कारभारी दाजीपंत ते जोडता जोडता दोन दिवस घामाघूम झाले. काही बल्ब नुसते डोळे मिचकावत, वायफायला जोडून घेत नसत. जे जोडले जात ते तासाभरात रुसून बसत.

शेवटी सगुणाने खोक्यातला कागद उलगडून वाचला आणि म्हणाली, "पंत, भिंतीवरचं बटण चालूच ठेवायचं असतं! तुम्ही सवयीने खोलीबाहेर पडताना ते बंद करत येता. मग मोबाइलने हाका मारल्या तरी बल्ब ओ देणार कसा?"

तिने बटणाबटणावर चिकटपट्ट्या लावल्या, ॲपमध्ये प्रत्येक बल्बला नाव दिलं आणि संध्याकाळपर्यंत वाडा झगमगला. राजे खूश! इतके खूश की दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, आता मशालजी हवाच कशाला? सगुणाचे आबा, तुळाजी, तीस वर्षं वाड्यातल्या मशाली न् समया सांभाळत होते. लेकीने स्वतःच्या हाताने बापाला घरी बसवलं! मशालखान्याची एक खोली तेवढी राहायला उरली होती, आणि तिथेही राजांना मोबाइल चार्जिंगला लावायची सोय करायची होती.

नवरात्रात मोठी मौज झाली. राणीसाहेबांच्या साडीचा जो रंग, तोच दरबाराचा. पुढे प्रत्येक सणाला तेच सुरू झालं. मग आली भोगी, आणि राणीसाहेब म्हणाल्या, "उद्या संक्रांत. मी काळी चंद्रकळा नेसणार. हळदीकुंकवाला दरबारही काळ्या रंगात उजळू दे!"

"त्यात काय! एक कोटी साठ लाख रंग आहेत," म्हणत राजांनी मोबाइलवर बोट फिरवलं. जांभळा आला, निळा आला, मोरपंखी आला. काळा काही येईना! शेवटी राजांनी उजेड कमी करत करत पार शून्यावर नेला. दरबारात गुडुप अंधार झाला आणि दाजीपंतांचा पाय थेट तिळगुळाच्या परातीत पडला.

"महाराज, हा काळा रंग नव्हे, हा अंधार!" राणीसाहेबांचा आवाज आला. आणि पाठोपाठ सगुणाचं खिदळणं.

उजेड झाला तेव्हा राजांचा चेहरा लालबुंद होता, बल्ब पांढरा असूनही. मघाची गर्जना झाली ती तेव्हाच.

सगुणाने पदर सावरला. "दिवा कुठलाही चालेल, महाराज?"

"कुठलाही! पण पेटलेला हवा. काळा कागद, काळं कापड, असली फसवाफसवी चालायची नाही. काढलास, तर मागशील ते देईन!"

घरी आबांनी कपाळाला हात लावला. "सगुणे, तोंडाला कुलूप घाल म्हनून किती येळा सांगितलं! आता या वयात बिऱ्हाड कुठं हलवू मी?"

सगुणाला आतून भरून आलं. आबांची नोकरी तिच्यापायी गेली होती, आता छप्परही तिच्यापायीच जायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "आबा, एरंडेल कुठं ठेवलंय?"

संक्रांतीच्या संध्याकाळी दरबार बायकांनी फुलला. सगुणाने मधोमध एरंडेलाची एक पणती पेटवली, दोन बाजूंना दोन वाट्या ठेवल्या आणि एक काशाची ताटली राणीसाहेबांपुढे धरली. "राणीसाहेब, ही पुसून द्या. कुठं डाग दिसतोय?"

राणीसाहेबांनी ती उलटसुलट करून पुसली. "लख्ख आहे गं!"

सगुणाने ताटली वाट्यांवर उपडी घातली. खाली पणती तेवत राहिली.

"हा तर पिवळा उजेड!" राजे म्हणाले.

"दम धरा महाराज, रंग शिजतोय."

हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाणं लुटून झाली. राजे दर दोन मिनिटांनी वाकून बघत होते. दारापाशी आबा घडी केलेली वाकळ बगलेत धरून उभे होते. त्यांनी आवराआवर सुरूच केली होती.

सगुणाने फडक्याने धरून ताटली उचलली, उलटी केली, निवू दिली आणि बोट फिरवून राजांपुढे धरलं. काळंभोर, दाट, मऊ काजळ!

"घ्या महाराज, दिव्यातून निघालेला काळा रंग! पेटल्या दिव्यातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कागद नाही, कापड नाही."

"अगं, पण हे तर काजळ!"

"मग काजळाचा रंग कोणता, महाराज?"

राजांनी बोटाकडे पाहिलं, चाळीस बल्बांकडे पाहिलं.

"तुमच्या दिव्यांत एक कोटी साठ लाख रंग," सगुणा म्हणाली, "आणि आमच्या आबांच्या पणतीत फक्त एक. पण नेमका तुमच्याकडं नसलेला! शिवाय एवढे दिवे लावलेत, दृष्ट लागायची. तेव्हा तीट कुठून आणणार होता? मोबाइलमधून?"

"खरंच की!" म्हणत राणीसाहेबांनी तिच्या बोटावरचं काजळ घेतलं आणि राजांच्या गालावर ठसठशीत तीट लावली.

राजांनी गाल चाचपला आणि काळं झालेलं बोट पाहिलं. मग राजे जे हसत सुटले ते पोट धरूनच थांबले. "हरलो पोरी! माग काय हवं ते!"

"आबांची चाकरी पुन्हा, पगारासकट. त्यांच्या समया आणि तुमचे बल्ब, दोन्ही आम्ही बापलेक सांभाळू. मशालखाना आमच्याकडंच राहू दे. आणि तिथं एक बल्ब द्या. सगळ्या वाड्यात चाळीस लागले, पण तीस वर्षं वाडा उजळणाऱ्याच्या खोलीत एकही नाही."

राजांनी तिथल्या तिथे मोबाइल तिच्या हातात दिला आणि एक्केचाळिसावा बल्ब मागवायला सांगितला.

"रंग कुठला लावू, आबा?" सगुणाने विचारलं.

आबांनी बगलेतली वाकळ खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाले, "कुठला बी लाव. पन भिंतीवरल्या बटनाला चिकटपट्टी लावू नको बाई, निजताना मला ते हातानं बंद करायचंय."