दोरीआडची काळी मोटार

दांडा फिरवून सुरू करायच्या मोटारी म्हाताऱ्या झाल्या, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचे हौशी मालक दरवर्षी त्यांना घेऊन टेकडीवरच्या जुन्या राजवाड्यात जमत.

हळब्यांची काळी मोटार चढ एका दमात चढे. लाल मोटार मात्र निम्म्यात बंद पडे आणि झाडून सगळे मालक हसत-ओरडत तिला ढकलायला धावत. ते पाहून काळीचा नुसता जळफळाट होई. हिचे एवढे लाड, आणि आपल्याला कुणी हातही लावत नाही!

एका वर्षी तिनेही चढावर श्वास रोखला. सगळे धावले. ते ढकलणं तिला इतकं गोड लागलं की राजवाड्याच्या दारात पोचल्यावरही ती सुरू होईना.

"आता पुरे गं," लाल कुजबुजली.

"तुला बघवत नाही, असं म्हण की," काळी म्हणाली.

हळब्यांनी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला. "दमली बिचारी. राहू दे आता इथेच."

पुढच्या वर्षी काळी राजवाड्याच्या ओसरीत उभी होती, कुणी हात लावू नये म्हणून भोवती दोरी बांधलेली. खाली चढावर लाल बंद पडली. हळबे लगबगीने आले, अंगातला कोट काढून त्यांनी काळीच्या दोरीवर टाकला आणि लालला ढकलायला धावले.