दाखला खरा होता

“...पण त्या दाखल्यात खोटं काय आहे, माई? एक शब्द दाखवा.”

विचारणारे केळुसकर, बँकेतले अधिकारी. माई आमच्या खाडीकाठच्या दत्तमठातल्या. आम्ही बायका उद्यापनाच्या प्रसादासाठी तिथेच नारळ खवत होतो, म्हणून कानांवर पडलं.

“वाचा बघू.”

“कॉम्प्युटर त्या दिवशी नीट चालू होता. ठेव मोडल्याची नोंद प्रमिला तेंडोलकर यांच्या पासवर्डने झाली. खाली माझी सही. असा दाखला जोडल्याशिवाय कॉम्प्युटरचा कागद कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही.”

“मग?”

“एका खातेदाराची ठेव खोट्या सहीवर मोडली गेली. आमच्या काउंटरवरच्या प्रमिलाबाईंची नोकरी गेली. दोन वर्षं झाली. आता त्या कोर्टात गेल्यात. उद्या माझी साक्ष आहे.”

“त्या दिवशी ती होती कुठे?”

“सासूला घेऊन दवाखान्यात...”

“सांगितलं नाही तिने?”

“सांगितलं. पण चौकशीवाल्यांनी कागद बघितला. तिच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, ते तिलाही ठाऊक नाही.”

“तुम्हाला?”

केळुसकरांनी दाखला खिशात घातला.

“आमच्याकडे पद्धतच होती, माई. उठताना पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवून जायचं. रांग थांबता कामा नये. गर्दी होती... मीच बसलो. सही ताडून बघायची राहिली.”

“हे बोललात कुणाजवळ?”

“कुणी विचारलंच नाही. दाखल्यात तसा रकाना नसतो.”

“बरं बाई, रकान्यावर ढकललं!” आमच्या सुलभाकाकू खवणीवरून पुटपुटल्या.

माईंनी गळ्यातली माळ काढून केळुसकरांच्या हातात दिली. “आजचा माझा जप राहिलाय. तेवढा करा. माझ्या नावावर धरू.”

त्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. सहा-सात मणी सरकले असतील. मग बोटं थांबली.

“तुमच्या नावावर कसा धरायचा, माई? ओढणारा तर मी...”

माईंनी माळ परत घेतली नाही.

“प्रमिलाबाईंची सासू गेली, गेल्या मार्गशीर्षात,” केळुसकर खाली बघत म्हणाले. “शेजारच्याच आळीत. मी भेटायलासुद्धा गेलो नाही... कुठल्या तोंडाने जाणार?”

खवण्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.

“आता माझी नोकरी जाईल, माई.”

“जाईल.”

“मग मी काय करू?”

माई उठल्या, दांडीवरची शाल ओढून घडी घालू लागल्या.

“उद्या किती वाजता निघायचं आपण?”