फोनवरचा उखाणा

लग्नाला अकरा दिवस झाले होते आणि भरल्या घरात आम्हा दोघांना निवांत बोलायलाच मिळालं नव्हतं. म्हणून मंदारने थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये तळ्याकडची शांत खोली मागितली होती. मिळाली ती रोलर कोस्टरला खेटून.

"अहो, काच दुहेरी आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल," मॅनेजर चौबळसाहेब काउंटरमागून म्हणाले. मग माझ्या हिरव्या चुड्याकडे बघून हसले. "नवी नवरी दिसताय. झकास उखाणा घ्या, मग तळ्याकडचं बघू."

"इथे लाज वाटते," मी म्हटलं. "खोलीत जाऊन फोनवर घेते."

वर जाऊन फोन लावला आणि गाडी धडधडत खिडकीजवळ येताच उखाणा घेतला.

"काय म्हणालात? परत घ्या."

पुढच्या गाडीला परत घेतला.

"अहो, कसला गोंगाट चाललाय तिथे? एक अक्षर कळत नाहीये," साहेब ओरडले.

"टाचणी पडली असेल," मी म्हटलं.

मग साहेब खो खो हसत सुटले. "सामान उचला, तळ्याकडची किल्ली पाठवतो."

मंदार इतका बोलका आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.