जात्याचे दात

गावात अजून गिरणी आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका घरचं जातं म्हातारं झालं. त्याचे दात झिजले, पीठ भरड पडू लागलं.

"हल्लीची ज्वारीच कडक," जातं म्हणायचं.

दर वर्षी पाथरवटीण तुळसाक्का छिन्नी घेऊन दारात यायची. "बाबा, टाकी लावून घे. चार घाव सोसलेस की पुन्हा मऊ दळशील."

"मला काय धाड भरलीय?" जातं गुरकावायचं.

शेवटी घरच्यांनी नवं जातं आणलं. जुनं परसात गेलं. इतका गुळगुळीत दगड धुणं आपटायला बरा होता.

पुढे कित्येक वर्षांनी म्हातारी झालेली तुळसाक्का कुंपणापलीकडून जाताना दिसली. "आक्का, माझे दात गेलेत गं. टाकी लाव," जातं पहिल्यांदाच म्हणालं.

ती तशीच पुढे गेली. आता तिला ऐकू येत नव्हतं.